सर्किट बोर्डाची शीट घरी कापताना

रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, बॅटरी चार्जर, एलईडी दिवे अशा कामांत आपले पुष्कळ तरुण आहेत. कोणी दुकानात बसतो, कोणी घरातल्याच एका खोलीत टेबल मांडून चार-सहा बोर्डांची ऑर्डर पुरी करतो. या तरुणांना सोल्डरिंग येते, फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड धुणे येते, ड्रिल मारणे येते. परंतु या सर्वांच्या आधीचे जे काम, म्हणजे मोठी शीट मापात कापणे, ते मात्र कोणी शिकवीत नाही. "त्यात काय शिकायचे? करवत घ्या आणि कापा," असे म्हणून उस्ताद पुढे जातो आणि शागीर्द करवत हाती घेतो.

माझ्या अनुभवाने सांगतो, या धंद्यात लहान कारागिराचा पैसा पहिल्यांदा इथेच गळतो आणि तब्येतही इथेच बिघडू लागते. म्हणून आजचा धडा या कापणीचाच आहे. हा उद्योग घरात चालतो. जिथे बोर्ड कापला जातो, तिथूनच चार पावलांवर मुले झोपतात आणि भाकरी भाजली जाते. तेव्हा शीट कशी कापावी, या प्रश्नाबरोबर धूळ कुठे जाणार, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे.

माल ओळखा

बाजारात तांबे चढविलेली शीट मुख्यतः दोन जातींची मिळते. पहिली पेपर फिनॉलिक. तिचा रंग तपकिरी असतो. कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवून दाबलेले असतात. आपल्याकडे जुने कारागीर तिला सरसकट 'हायलम' म्हणतात. एफआर-१ आणि एफआर-२ ही तिचीच नावे. ती स्वस्त, कापायला सोपी, पण ठिसूळ असते व पाणी शोषते.

दुसरी ग्लास इपॉक्सी, म्हणजे एफआर-४. ही फिकट पिवळसर-हिरवट, किंचित आरपार दिसणारी असते. विणलेल्या काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी राळेने एकमेकांना चिकटविलेले असतात. मजबूत, उष्णता सोसणारी व पाण्याला दाद न देणारी अशी ही शीट असल्याने आज चांगले काम बहुधा हिच्यावरच होते. या दोहोंच्या मधली सीईएम-१ ही जात आहे. तिच्या पोटात कागद आणि दोन्ही अंगांना काचेचे कापड असते.

नेहमीची जाडी १.६ मि.मी., म्हणजे इंचाचा साधारण सोळावा भाग. तांब्याचा थर बहुतेक ३५ मायक्रॉनचा असतो. दुकानदार त्याला 'एक औंस' म्हणतो, कारण एवढ्या जाडीचे तांबे एका चौरस फुटाला सुमारे एक औंस भरते. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत माल घेताना नुसते "कॉपर क्लॅड द्या" म्हणू नये. जात, जाडी, एकेरी तांबे की दुहेरी, आणि तांब्याचा थर, या चार गोष्टी सांगाव्यात. शीटची निदान एक कड कारखान्यात कापलेली, सरळ आहे ना, हेही पाहून घ्यावे. पुढचे सर्व माप त्याच कडेवरून निघते.

ही शीट म्हणजे कापडच आहे

एफआर-४ कापताना नवा माणूस गोंधळतो. तांबे मऊ, राळ मऊ, मग हॅक्सॉचे नवे पाते दोन शीटमध्ये बोथट का होते? कारण पाते काच कापीत असते. १.६ मि.मी. जाडीच्या शीटमध्ये बहुधा काचेच्या कापडाचे आठ थर असतात. साधे पोलादी पाते या काचेवर झिजते आणि बोथट झाले की कापण्याऐवजी घासू लागते. घासले की धूळ अधिक बारीक होते.

मी ही शीट पहिल्यांदा मोडायला घेतली तेव्हा कड चावल्यासारखी वेडीवाकडी आली. शेजारी एक वयस्कर चाचा होते. सारी उमर मागावर गेलेली. त्यांनी तो तुटका तुकडा उजेडात धरला, कडेचे पांढरे तंतू बोटाने चाचपले आणि म्हणाले, "बेटा, हा तर कपडा आहे. ताणा-बाणा बघ आणि त्याच्या रेषेत फाड. तिरका फाडशील तर कोणताही कपडा वाकडाच फाटणार."

मला हे कोणत्याही पुस्तकाआधी त्या चाचांकडून समजले. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना तर ते एका वाक्यात पटेल. या कापडात उभे आणि आडवे धागे काटकोनात विणलेले असतात. एफआर-४ साठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एका जातीत इंचाला सुमारे ४४ उभे आणि ३२ आडवे धागे असतात. कारखान्याची कड या धाग्यांना समांतर असते. म्हणून आपली कापणीची रेघ कडेला समांतर किंवा काटकोनात असेल तर शीट सरळ मोडते. तिरकी रेघ मोडून कापायच्या भानगडीत पडू नये, तिथे करवतच घ्यावी.

धुळीचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एक फूट चौरस शीटचे लहान बोर्ड करायचे तर उभे-आडवे मिळून साधारण नऊ काप घ्यावे लागतात. मार्बल कटरचे पाते सुमारे २ मि.मी. रुंदीचा माल खाते. हिशेब मांडला तर नऊ कापांत सुमारे १६ ग्रॅम मालाची भुकटी होते. हॅक्सॉची वाट १ मि.मी.ची, म्हणून भुकटी ८ ग्रॅम. आणि शीटवर दोन्ही बाजूंनी चीर पाडून ती मोडली तर एक-सव्वा ग्रॅम. शिवाय चिरेतून निघतो तो बहुतांशी जाडसर चुरा. तो टेबलावरच पडतो, हवेत फारसा तरंगत नाही.

मार्बल कटरचे पाते मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. पात्याची कड सेकंदाला सत्तर मीटरच्या आसपास धावते. त्या वेगाने उडालेली सोळा ग्रॅम भुकटी खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात जाते.

हा माझ्याच घरचा प्रकार आहे. सुरुवातीच्या दिवसांत काम लवकर व्हावे म्हणून मी खोलीच्या एका कोपऱ्यात मार्बल कटर लावला. तोंडाला रुमाल बांधायचो आणि स्वतःला शहाणा समजायचो. पंधरा दिवसांनी धाकट्या मुलीच्या मानेवर आणि हातांवर पुरळ आले. रात्रभर खाजवून ती रडायची. दोन मलमे झाली, गुण नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "घरात फायबर ग्लासचे काही काम चालते का?" तिची गादी त्याच खोलीत भिंतीशी गुंडाळून ठेवलेली असे. गादी उन्हात नेऊन झटकली तेव्हा चकाकणारे बारीक कण माझ्या डोळ्यांनी पाहिले. कटर त्याच दिवशी घराबाहेर गेला.

या धुळीविषयी भलती भीतीही नको आणि बेफिकिरीही नको. हे ॲस्बेस्टॉस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सलग काचेच्या धाग्यांना कर्करोगकारकांच्या यादीत घातलेले नाही. परंतु काचेचे तुकडे कातडीला, डोळ्यांना आणि घशाला बोचतात. त्यांच्याबरोबरची राळेची बारीक भुकटी श्वासावाटे आत जाते. काहींना अशा धुळीची ॲलर्जी जडते आणि मग थोडा संपर्कही सोसत नाही. कोणतीही बारीक धूळ रोज छातीत घेणे बरे नाही, हे दम्याचा रोगी घरात असलेल्याला सांगायला नको.

रुमाल ही धूळ अडवीत नाही. मास्क घ्यायचा तर एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी२ प्रतीचा घ्यावा. मात्र इथे एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट ध्यानात घ्यावी. हा मास्क चेहऱ्याच्या कातडीला चारी बाजूंनी घट्ट चिकटला तरच उपयोगी. दाढीवर तो बसत नाही. केसांच्या फटीतून हवा, आणि हवेबरोबर धूळ, आत येतेच. दाढी ठेवणाऱ्या कारागिराने महागडा मास्क लावून निर्धास्त होऊ नये. आणि मास्क कारागिराच्या तोंडाला असला तरी मुलांच्या तोंडाला थोडाच असतो? म्हणून या धड्याचा नियम एकच: उठलेली धूळ अडविण्यापेक्षा धूळ उठूच न देणारी रीत निवडावी. ती रीत सर्वांत स्वस्तही आहे.

चीर पाडून मोडण्याची रीत

सुतार सनमायका कापायला जो आकड्याच्या टोकाचा कटर वापरतात, तोच इथे चालतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. तुटक्या हॅक्सॉ पात्याचे टोक ग्राइंडरवर आकड्यासारखे घासूनही तो करता येतो. मात्र धरायच्या भागाला कापड किंवा टेप गुंडाळावी. याशिवाय स्टीलची पट्टी, गुण्या, दोन सी-क्लॅम्प, तीनकोनी कानस, डोळ्यांना गॉगल आणि पट्टी धरणाऱ्या हाताला जाड मोजा लागतो.

पहिले, कारखान्याच्या सरळ कडेला गुण्या लावून तांब्यावर टोचणीने रेघ ओढावी. पेन्सिलची किंवा स्केचपेनची रेघ जाड असते, तीत अर्धा मि.मी. हरवतो.

दुसरे, स्टीलची पट्टी रेघेवर ठेवून दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळावी. आपल्याला जो तुकडा ठेवायचा आहे त्याच्यावर पट्टी असावी. कटर घसरलाच तर तो दुसऱ्या बाजूला जाईल, चांगल्या बोर्डावर ओरखडा येणार नाही.

तिसरे, कटर आपल्याकडे ओढावा. पहिले दोन हात अगदी हलके, नुसती वाट पडण्यापुरते. नवा माणूस पहिल्याच हाताला जोर लावतो आणि कटर पट्टी सोडून पळतो. वाट पडल्यावर जोर वाढवावा. आठ-दहा हातांत तांबे पूर्ण कापले जाऊन खाली काचेचा पांढुरका थर दिसू लागतो. त्यानंतर आणखी चार-पाच हात द्यावेत.

चौथे, रेघेच्या दोन्ही टोकांना कडेवर तीनकोनी कानशीने बारीक खाच पाडावी. शीट उलटवावी, पट्टी त्या दोन खाचांना जुळवावी आणि मागच्या बाजूलाही तशीच चीर पाडावी. ही पायरी पुष्कळजण गाळतात, आणि मग "एफआर-४ मोडत नाही" म्हणून करवतीकडे वळतात. एकाच बाजूने चीर पाडली तर दुसऱ्या बाजूचे काचेचे थर अखंड राहतात. वाकविताना ते बिजागरीसारखे वाकतात, तुटत नाहीत. दोन्ही बाजूंच्या चिरा समोरासमोर आल्या पाहिजेत. अर्ध्या मि.मी.पेक्षा जास्त फरक पडला तर कडेला ओठ राहतो.

पाचवे, शीट टेबलाच्या धारदार कडेवर अशी ठेवावी की चीर बरोबर कडेवर येईल. वरून लाकडी पट्टी क्लॅम्पने आवळावी. बाहेर आलेल्या भागावर दुसरी लाकडी पट्टी ठेवून सबंध लांबीवर एकाच वेळी, झटक्याने खाली दाबावे. एका टोकाला बोटाने दाबल्यास तुकडा तिरका फाटतो. काही तंतू अडकून राहिलेच तर ओढू नयेत. ओढल्याने तांबे उचलले जाते. धारदार चाकूने तंतू कापून घ्यावेत.

शीट नेहमी आधी पट्ट्यांत आणि मग पट्ट्यांचे तुकड्यांत कापावी, कारण या रीतीने काप कडेपासून कडेपर्यंतच जातो, मध्येच थांबत नाही. सेंटिमीटरभर रुंदीची अरुंद पट्टी हाताने मोडत नाही. ती वाइसमध्ये दोन लोखंडी अँगलच्या मध्ये धरून मोडावी.

पेपर फिनॉलिकला इतका त्रास नाही. बहुतेक वेळा एका बाजूची खोल चीरही पुरते. मात्र थंडीत ती शीट जास्त ठिसूळ होते आणि कडेचे टवके उडतात. कापण्याआधी घटकाभर उन्हात ठेवून कोमट केली तर बरी मोडते. ही रीत कोणी गरिबाची तडजोड समजू नये. मोठे कारखानेसुद्धा एका पॅनलवर अनेक बोर्ड छापून, दोन्ही बाजूंनी व्ही आकाराची चीर पाडून, मध्ये साधारण एक-तृतीयांश जाडी शिल्लक ठेवतात आणि शेवटी बोर्ड मोडून सुटे करतात.

एक खबरदारी मात्र आपण घ्यावी. सुटे भाग सोल्डर केल्यानंतर बोर्ड मोडू नये. मोडताना बोर्ड वाकतो आणि चिरेजवळच्या चपट्या सिरॅमिक कपॅसिटरला न दिसणारी भेग जाते. असा बोर्ड आज चालतो आणि महिन्याने ग्राहक परत घेऊन येतो. एचिंग आणि ड्रिलिंग सबंध पॅनलवर करावे, मग बोर्ड मोडावेत, आणि सोल्डरिंग त्यानंतर.

करवत लागलीच तर

गोलाई, आतली खिडकी किंवा तिरकी कड असेल तिथे करवतीला पर्याय नाही. हॅक्सॉला इंचाला ३२ दातांचे पाते घ्यावे. १.६ मि.मी. जाडीत असे पाते उभे धरले तर जेमतेम दोन दात मालात असतात, म्हणून ते अडकते आणि कड चावते. पाते तीस अंशांइतके निजवून चालविले तर चार दात मालात येतात व काप गुळगुळीत येतो. शीट वाइसमध्ये दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये धरावी. तांब्याची बाजू अशी ठेवावी की दात तांब्यातून आत शिरतील आणि मागच्या बाजूने बाहेर पडतील. उलट केल्यास तांबे सुटते. विजेवर चालणाऱ्या जिगसॉचे दात बहुधा वर येताना कापतात, म्हणून तिथे तांबे खाली ठेवावे.

एफआर-४ कापताना रेघेवर थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा फवारा मारावा. त्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब असावा. धूळ उडण्याऐवजी चिखल होतो आणि तो फडक्याने पुसता येतो. पेपर फिनॉलिक मात्र भिजवू नये, ती फुगते. आणि विजेच्या हत्याराजवळ पाणी नेऊ नये, ओली रीत हाताच्या करवतीपुरतीच आहे.

शिअर मशीन आणि मार्बल कटर

रोज शंभर-दोनशे तुकडे लागत असतील तर हाताने चालणारे शिअर मशीन उत्तम. धूळ जवळजवळ नाहीच, वेळही वाचतो. तांब्याची बाजू वर ठेवावी. एफआर-४ च्या कडेला थोडा पांढरेपणा येतो, तो थरांवर पडलेल्या ताणाचा असतो. म्हणून मापात एक मि.मी. जास्त ठेवून नंतर कड घासावी. पत्रा कापायची हातकातर मात्र नको, ती शीट वाकविते आणि थर सोडविते. कागद कापायच्या मशीनवरही हा प्रयोग करू नये, तिची धार जाते. शिअर मशीन एकट्याला महाग पडत असेल तर एका मोहल्ल्यातले चार-पाच कारागीर मिळून घेऊ शकतात. पात्यापुढे बोटांची जाळी असल्याशिवाय मशीन चालवू नये, आणि काम नसताना दांड्याला कुलूप घालावे. घरात मुले असतात.

मार्बल कटर हे घरातले हत्यारच नव्हे. वापरायचाच झाला तर उघड्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून आणि घराच्या खिडक्या लावून. पाण्याच्या नळीचा कटर असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लाइनवर असल्याशिवाय हात लावू नये.

मापाचा हिशेब

आता पैशाची गोष्ट. ७० बाय ५० मि.मी.चे ४५ बोर्ड करून देण्याची एक ऑर्डर मला मिळाली होती. एक फूट चौरस शीट, म्हणजे ३०४.८ मि.मी. मी कागदावर सरळ भागाकार केला: ७० चे चार, ५० चे सहा, म्हणजे एका शीटमध्ये २४ बोर्ड. दोन शीटमध्ये ४८. तीन बोर्ड वर शिल्लक, असे समजून भाव सांगितला.

कापायला बसलो तेव्हा कळले की ५० चे सहा बसत नाहीत. हॅक्सॉ प्रत्येक कापाला १ मि.मी. खाते. सहा बोर्डांना पाच काप, म्हणजे ३०० अधिक ५ मिळून ३०५. शीट ३०४.८ ची. शिवाय कड घासायला काही उरत नाही. प्रत्यक्षात सहाऐवजी पाचच बसले आणि शीटमागे २४ ऐवजी २० बोर्ड निघाले. दोन शीटचे चाळीस. उरलेल्या पाचांसाठी तिसरी शीट आणावी लागली आणि त्या ऑर्डरीचा नफा त्या शीटमध्ये गेला.

२४ च्या जागी २० निघाले म्हणजे प्रत्येक बोर्डामागे मालाचा खर्च वीस टक्क्यांनी वाढला. म्हणून भाव सांगण्यापूर्वी प्रत्येक मापात कापाची आणि घासण्याची जागा मिळवून मगच भागाकार करावा. चीर पाडून मोडले तरी दोन्ही कडा घासण्यासाठी एक मि.मी. धरावाच. ७० चे ७१ आणि ५० चे ५१ समजावे.

यावर उपाय आहे, आणि तो भाव ठरण्यापूर्वी ग्राहकाला विचारणे हा आहे. "साहेब, ५० ऐवजी ४९ चालेल का?" ४९ अधिक १ म्हणजे ५०. ते सहा वेळा घेतले तर ३००, म्हणजे शीटमध्ये सहज बसतात आणि पुन्हा २४ बोर्ड निघतात. बोर्ड डब्यात सैल बसत असेल तर ग्राहक बहुधा हो म्हणतो, आणि वाचलेल्या मालातून त्याला भावात थोडी सूट देता येते. न विचारता गुपचूप एक मि.मी. मारणे मात्र कधी करू नये. स्क्रूची भोके डब्याच्या भोकांना जुळली नाहीत की सबंध माल परत येतो आणि त्याबरोबर आपले नावही जाते. मापात विश्वास गमावलेल्या कारागिराला दुसरी ऑर्डर मिळत नाही.

याच शीटमध्ये ७१ चे चार घेतल्यावर सुमारे २० मि.मी. रुंदीची पट्टी उरते. ती फेकू नये. जात आणि जाडी लिहून बाजूला ठेवावी. एलईडीच्या लहान पट्ट्या, टर्मिनलखालचे तुकडे यांना ती उपयोगी पडते.

कडा, सफाई आणि उरलेले तुकडे

कड घासण्यासाठी सपाट कानस तांब्याकडून आतल्या बाजूला चालवावी, उलट चालविल्यास तांबे उचलते. त्यानंतर सपाट काचेवर २२० किंवा ३२० नंबरचा वॉटर पेपर ठेवून, पाणी घालून बोर्डाची कड त्यावर फिरवावी. पेपर फिनॉलिक मात्र कोरड्या कानशीनेच हलकेच सारखी करावी. दुहेरी तांब्याच्या बोर्डाला कडेवर तांब्याची बर राहिली तर वरचे आणि खालचे तांबे एकमेकांना भिडून शॉर्ट होते. म्हणून कड बोटाने नव्हे, उजेडात डोळ्यांनी तपासावी. बोटात काचेची कुसळे शिरतात. ओला केलेला बोर्ड लगेच पुसून वाळवावा, नाहीतर तांबे काळवंडते.

काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नये आणि फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. ओल्या फडक्याने टेबल व फरशी पुसावी. कापताना पंखा बंद ठेवावा. कामाचा सदरा वेगळा असावा आणि तो घरच्या कपड्यांत न धुता वेगळा धुवावा. हातांना खाज सुटली तर चोळू नये, आधी थंड पाण्याची धार सोडावी, मग साबण लावावा. जेवणापूर्वी व मुलाला उचलण्यापूर्वी हात-तोंड धुतलेच पाहिजे.

उरलेले तुकडे चुलीत किंवा बंबात कधीही जाळू नयेत. एफआर-४ लवकर पेटू नये म्हणून तिच्या राळेत बहुधा ब्रोमीन असते. ती जाळली की विषारी धूर निघतो. तांबे काढण्यासाठी जुने बोर्ड जाळणारे लोक हाच धूर छातीत घेतात. तुकडे गोणीत साठवून नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राला द्यावेत.

शेवटी दोन शब्द

आज तयार बोर्ड इंटरनेटवरून मागविता येतात, आणि मोठ्या संख्येला तेच परवडते. त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. परंतु ज्याला उद्याच एक बोर्ड हवा आहे, ज्याच्या जुन्या मशीनचा बोर्ड आता बनत नाही, ज्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी मापाचे दोन तुकडे हवे आहेत, किंवा ज्याला तांब्याविना नुसती इन्सुलेशनची पट्टी हवी आहे, तो जवळच्या कारागिराकडेच येणार. त्याला हवे असते बरोबर माप, सरळ कड आणि दिलेली वेळ. या तिन्ही गोष्टी एका सनमायका कटरने आणि स्टीलच्या पट्टीने साधतात.

ज्यांनी अजून मार्बल कटर घरात ठेवला आहे त्यांनी एक तुकडा घेऊन या रीतीने मोडून पाहावा. पहिले दोन-तीन वाकडे जातील, चौथा सरळ येईल. माझा कटर घराबाहेर गेल्यावर महिन्याभरात मुलीचे पुरळ गेले, आणि कामाला उशीरही झाला नाही. आमची कमाई घरात राहून होते, ती घरच्यांच्या तब्येतीच्या मोलाने होऊ नये, एवढेच सांगायचे होते.